जीपीएल-२, अपाची आणि एजीपीएल एकाच इन्स्टॉलरमध्ये चालतील का? (द्राक्ष पॅकहाऊसचं सॉफ्टवेअर)

वेलमांडव (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. अंबड एमआयडीसीत आमचं छोटं ऑफिस आहे, तिघं मिळून कामं घेतो. सध्या पिंपळगाव बसवंतजवळच्या एका निर्यातदाराच्या पॅकहाऊससाठी सॉफ्टवेअर करतोय. पट्ट्यावरून पनेट (द्राक्षांचे छोटे डबे) जातात, वर कॅमेरा, खाली वजनकाटा. कॅमेऱ्याने मण्यांचा आकार मोजायचा, १६ मिमीच्या खालचे मणी जास्त दिसले की लाल दिवा लावायचा, तडकलेले मणी आणि सुकलेला देठ ओळखायचा. काट्यावरून पनेटचं वजन घ्यायचं आणि लेबल छापायचं. चालतंय व्यवस्थित. हंगामाआधी बसवून द्यायचं आहे.

अडलंय ते कागदावर. पर्चेस ऑर्डरमध्ये लिहिलंय: 'सोर्स कोडसह संपूर्ण मालकी आमची राहील, तुम्ही तो इतर कोणालाही देणार नाही.' पुढेमागे हेच मशीन सॉफ्टवेअरसकट दुसऱ्या पॅकहाऊसना विकायचा त्यांचा विचार आहे. वर त्यांच्या ऑडिटरने ओपन सोर्स भागांची यादी, प्रत्येकाचं लायसन्स, आणि 'सर्व भाग परस्पर सुसंगत आहेत' या वाक्याखाली आमची सही मागितली आहे.

यादी अशी निघाली: पायथन भाषा, चित्रं वाचायला ओपनसीव्ही, मॉडेल शिकवायला पायटॉर्च, घड ओळखायला अल्ट्रालिटिक्सचं योलो (एजीपीएल-३), स्क्रीनसाठी पायक्यूटी५ (जीपीएल-३), पीडीएफसाठी पायमूपीडीएफ (एजीपीएल-३), काट्याशी बोलायला एक जुनी सी लायब्ररी (सोबतच्या 'कॉपिंग' फाइलीत जीपीएल आवृत्ती २), लेबलवरच्या मराठीसाठी मुक्ता फॉन्ट. (जीपीएल, एजीपीएल म्हणजे 'प्रोग्रॅम दिलात तर सोर्सही त्याच अटींवर द्या' म्हणणारी लायसन्सं.)

भागीदार म्हणतो, सगळंच ओपन सोर्स आहे, मग एकमेकांत भांडण कशाला होईल? कर सही. मला काही सही करवत नाही. जाणकारांनी सांगा.

---

सातपूरकर

भाऊ, पॅकहाऊसमध्ये येऊन लायसन्स कोण बघतंय? सही ठोका, बिल काढा. सगळं नाशिक असंच चालतं.

---

वेलमांडव

ऑडिटर बघतोय ना, म्हणून तर धागा काढला.

---

कमांडलाइन

सातपूरकर, तुमचा प्रतिसाद वाचून करमणूक झाली. आता मुद्द्याकडे.

भागीदारांच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या आहेत. एखादं लायसन्स ओपन सोर्स असणं वेगळं आणि दोन लायसन्सच्या अटी एकाच वेळी पाळता येणं वेगळं. सुसंगतता म्हणजे तेवढंच: दोन कोड जोडून जो एक प्रोग्रॅम झाला, तो दुसऱ्याच्या हाती देताना दोघांच्याही अटी पाळता येतात का? स्वतःच्या ऑफिसात स्वतःच्या मशीनवर काय वाटेल ते जोडा, जीपीएल काही म्हणत नाही. इन्स्टॉलर पिंपळगावला गेला की प्रश्न सुरू.

तुमच्या यादीत खरा काटा वजनकाट्याच्या लायब्ररीतच आहे. जीपीएल-२ हे १९९१ चं. त्याचं कलम ६ सांगतं की पुढे देताना घेणाऱ्यावर या लायसन्सबाहेरचं कोणतंही जादा बंधन घालायचं नाही. ओपनसीव्ही आवृत्ती ४.५.० पासून अपाची २.० खाली आहे (आधी बीएसडी हे मोकळं लायसन्स होतं). अपाची २.० आलं २००४ मध्ये आणि त्यात पेटंटचं कलम आहे: या कामामुळे माझ्या पेटंटचा भंग होतो असा दावा तुम्ही कोर्टात केलात, तर त्या कामापुरतं तुम्हाला मिळालेलं पेटंटचं लायसन्स संपतं. कलम चांगलंच आहे, पण जीपीएल-२ मध्ये ते नाही, म्हणजे ते 'जादा बंधन' ठरतं. जीपीएल काढणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचं (एफएसएफ) मत हेच आहे आणि अपाचीवालेही ते धरूनच चालतात.

जून २००७ मध्ये जीपीएल-३ आलं तेव्हा ही गाठ मुद्दाम सोडवली. त्यामुळे अपाचीचा कोड जीपीएल-३ च्या प्रोग्रॅममध्ये घेता येतो. उलट मात्र नाही: जीपीएलचा कोड घेऊन आख्खा प्रोग्रॅम अपाचीखाली देता येत नाही. गंगापूर धरणाचं पाणी रामकुंडात येतं, रामकुंडाचं धरणात चढत नाही. लोक 'कम्पॅटिबल आहे' एवढंच वाचतात आणि कुठल्या दिशेने ते बघतच नाहीत.

शिवाय जीपीएल-२ आणि जीपीएल-३ एकमेकांशीही जमत नाहीत. दोघंही म्हणतात, आख्खा प्रोग्रॅम माझ्याच खाली द्या. म्हणजे ती लायब्ररी खरोखर 'फक्त आवृत्ती २' असेल तर ओपनसीव्ही, पायक्यूटी५, योलो, पायमूपीडीएफ, या सगळ्यांशी तिचं वाकडं. ती काढली तर उरलेली यादी आपापसात जुळते. पायटॉर्चचं लायसन्स बीएसडी धाटणीचं, कुठेही बसतं. जीपीएल-३ आणि एजीपीएल-३ मध्ये तर कलम १३ याचसाठी आहे की दोघांना जोडता यावं. फक्त जोडलेल्या प्रोग्रॅमला एजीपीएलची नेटवर्कची अट लागते, म्हणजे बदललेला प्रोग्रॅम नेटवर्कवरून वापरणाऱ्यांनाही सोर्स द्यायचा.

आणि 'कॉपिंग' फाइलीवर जाऊ नका. ती नुसती जीपीएलची प्रत असते. प्रत्येक .सी फाइलीच्या डोक्यावर काय लिहिलंय ते बघा. 'आवृत्ती २, किंवा तुमच्या मर्जीने पुढची कोणतीही' असं असेल तर ती जीपीएल-३ म्हणून घ्या, भांडण मिटलं.

---

जुना_डेबियनवाला

+१. या भानगडी जुन्याच आहेत. मूळ बीएसडी लायसन्समध्ये जाहिरातीचं कलम होतं: या सॉफ्टवेअरचा उल्लेख असलेल्या प्रत्येक जाहिरातीत अमुक विद्यापीठाचं श्रेय छापा. इतरांनी ते वाक्य आपापल्या नावाने चालवलं. १९९७ च्या नेटबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमच्या एका आवृत्तीत अशी ७५ श्रेयवाक्यं जीपीएल लिहिणाऱ्या स्टॉलमनने मोजली होती! १९९९ मध्ये बर्कली विद्यापीठाने आपलं कलम काढून टाकलं, पण ओपनएसएसएल या इंटरनेटवरचं बोलणं गुप्त ठेवणाऱ्या लायब्ररीत तसलंच कलम पुढे कितीतरी वर्षं राहिलं. त्यामुळे डेबियन लिनक्समध्ये जीपीएलचा प्रोग्रॅम ओपनएसएसएलशी जोडायचा तर लेखकाकडून 'याला माझी हरकत नाही' असं वेगळं लिहून घ्यावं लागे.

२०२१ मध्ये ओपनएसएसएल ३.० अपाची २.० खाली आलं. जीपीएल-३ वाल्यांची सुटका झाली, 'फक्त जीपीएल-२' वाले मात्र आगीतून फुफाट्यात.

अवांतर: पायथनही यातून सुटलेलं नाही. २००० सालच्या १.६ च्या लायसन्समध्ये 'व्हर्जिनिया राज्याचा कायदा लागू' असं एक वाक्य होतं, तेवढ्यावरून एफएसएफने ते जीपीएलशी विसंगत ठरवलं. २.०.१ पासून जुळलं. तुमच्याकडचं पायथन अर्थातच नवं असणार, काळजी नको.

---

तिसरी_घंटा

एवढी डोकेफोड कशाला? काट्याची लायब्ररी वेगळ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये टाका, मुख्य प्रोग्रॅमशी सॉकेटवरून (दोन प्रोग्रॅममधली निरोपांची वाट) बोलू द्या. दोन वेगळे प्रोग्रॅम झाले, लायसन्सचा संबंध संपला. आम्ही हे नेहमी करतो.

---

कमांडलाइन

संपला असं सरसकट नाही. पाइप, सॉकेट, कमांड लाइनचे अर्ग्युमेंट हे सहसा दोन स्वतंत्र प्रोग्रॅममधलं बोलणं मानलं जातं, असं एफएसएफच्या प्रश्नोत्तरांत आहे. पण त्याच उत्तरात पुढे असंही आहे की बोलणं फारच अंतरंगातलं असेल, आतल्या गुंतागुंतीच्या डेटा स्ट्रक्चरची देवाणघेवाण चालत असेल, तर दोन्ही मिळून एकच काम धरायला आधार मिळतो.

काट्याच्या बाबतीत तुमचा उपाय चालेल. 'वजन सांग' म्हणायचं आणि एक आकडा घ्यायचा, यात कसलं अंतरंग! पण योलोला सॉकेटपलीकडे बसवून 'आमचा प्रोग्रॅम बंद (म्हणजे सोर्स न देता), तो एजीपीएलचा' म्हणायचं, तर तो भागच या उत्पादनाचा जीव आहे. तिथे मी ही युक्ती ग्राहकाच्या ऑडिटरसमोर मांडायला जाणार नाही.

---

तिसरी_घंटा

असहमत. प्रोसेस वेगळी, मेमरी वेगळी, इन्स्टॉलरसुद्धा वेगळा ठेवता येतो. एफएसएफचं मत म्हणजे कोर्टाचा निकाल नव्हे.

---

नाशिकरोड_वकील

ते निकाल नव्हे हे बरोबर. पण सही वेलमांडव करणार आहेत आणि वाद झाला तर निस्तरणारही तेच. वादाला जागा असलेली गोष्ट 'सुसंगत आहे' म्हणून लिहून देऊ नये, एवढं साधं.

मला इथे वेगळंच दिसतंय. तुम्ही सगळे लायसन्स एकमेकांशी ताडून बघताय, पण यादीतला सर्वांत विसंगत कागद ती पर्चेस ऑर्डर आहे. तीही एक लायसन्सच धरा आणि बाकीच्यांशी ताडून बघा.

'संपूर्ण मालकी आमची.' वेलमांडव, तुम्ही नोकर नाही, कंत्राटदार आहात. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ प्रमाणे नोकरीत लिहिलेल्या कोडचा मालक एरवी नोकरी देणारा. कंत्राटदाराचा कोड मात्र कंत्राटदाराचाच, लेखी हस्तांतर करेपर्यंत. ते तुम्ही जरूर करा, पण स्वतः लिहिलेल्या ओळींपुरतं. योलोची मालकी तुमच्याकडे नाहीच, तुम्ही ती देणार कुठून? आज आहे ते वाक्य सही केलंत तर जे तुमचं नाही ते दिल्याचं लिहून दिलंत.

'इतर कोणालाही देणार नाही.' लोक समजतात की जीपीएल म्हटलं की कोड जगजाहीर करावाच लागतो. तसं नाही. ज्याला प्रोग्रॅम दिला त्याला सोर्स द्यायचा. ग्राहकासाठी केलेले बदल त्याच्या परवानगीशिवाय बाहेर देणार नाही, असा करारही जीपीएलखाली चालतो, एफएसएफही तसंच सांगते. म्हणजे हे वाक्य लायसन्समध्ये अडकत नाही, फक्त तुमच्या पोटावर पाय आणतं. उद्या दिंडोरीच्या पॅकहाऊसला हेच विकता येणार नाही.

खरी अडचण त्यांच्या पुढच्या बेतात आहे. ते मशीन विकणार, म्हणजे तेही 'देणारे' झाले. जीपीएल किंवा एजीपीएलचा एक जरी भाग आत जोडलेला असेल, तर विकत घेणाऱ्या प्रत्येक पॅकहाऊसला पूर्ण सोर्स आणि तो पुढे वाटायचा हक्क द्यावा लागेल. हे त्यांना आधी विचारा. चालत असेल तर निम्मा धागा इथेच मिटतो.

---

वेलमांडव

वकीलताई, फोन केला. अजिबात चालत नाही म्हणाले. 'आमचं बघून शेजारचा फुकट वापरेल' हे त्यांचं वाक्य. बंदच हवंय.

---

सातपूरकर

आता मलाच घाम फुटला. मी सातपूरच्या वर्कशॉपना ईआरपीनेक्स्ट (धंद्याचा हिशोब ठेवणारं ओपन सोर्स सॉफ्टवेअर) बसवून देतो, वर कस्टम ॲप करतो. जॉबवर्कचे चलन, स्क्रॅपचा हिशोब वगैरे. त्याचं काय?

---

कमांडलाइन

हे उदाहरण छान आहे, कारण मुंबईच्या एकाच कंपनीने दोन थर दोन लायसन्सखाली ठेवलेत. खालचं फ्रॅपे फ्रेमवर्क एमआयटी या मोकळ्या लायसन्सखाली, वरचं ईआरपीनेक्स्ट जीपीएल-३. तुमचं ॲप नुसतं फ्रॅपेवर उभं असेल तर हवं ते लायसन्स लावा. ईआरपीनेक्स्टचे क्लास ओव्हरराइड करत असाल, त्याचं सेल्स इन्व्हॉइस आतून वळवत असाल, तर ॲप जीपीएल-३ समजूनच द्या. तसंही वर्कशॉपवाल्याला तुम्ही सोर्स देताच, त्यांच्याच सर्व्हरवर पडलेला असतो. फक्त 'कॉपी केली तर कारवाई' असलं काही बिलाच्या मागे छापू नका.

---

सातपूरकर

छापलंय. काढतो.

---

वेलमांडव

काल रात्री काट्याच्या लायब्ररीच्या सगळ्या फाइली उघडून डोकी वाचली. सगळीकडे 'किंवा पुढची कोणतीही आवृत्ती' आहे, एक फाइल सोडून. सिरियल पोर्ट उघडणारी फाइल दुसऱ्याच कोणीतरी लिहिली आहे आणि तिच्यात स्पष्ट 'फक्त आवृत्ती २'. नेमकी तीच फाइल लागते. लेखकाला मेल केली, परत आली, पत्ता बंद.

तसंही ग्राहकाला बंदच हवंय म्हटल्यावर जीपीएल-३ असती तरी उपयोग नव्हता. पण लिनक्सच्या कर्नलसारखं प्रत्येक फाइलीच्या पहिल्या ओळीत लायसन्सचं लघुनाव, 'ओन्ली' की 'ऑर लेटर', असं लिहायची पद्धत सगळ्यांनी घेतली असती तर माझी रात्र वाचली असती.

---

जुना_डेबियनवाला

लायब्ररी हवीच कशाला? काट्याचं मॅन्युअल काढा. बहुतेक काटे आरएस-२३२ या सिरियल पोर्टवरून साधी अक्षरांची ओळ पाठवतात: स्थिर आहे की हलतोय याची खूण, मग चिन्हासकट वजन, मग एकक, ओळ संपली. तो पोर्ट वाचणारी पायसिरियल ही पायथनची लायब्ररी घ्या, बीएसडी आहे. बॉड रेट (डेटाचा वेग) मॅन्युअलमधला लावा, ओळ वाचा, स्थिरची खूण नसेल तर टाकून द्या, असेल तर आकडा उचला. तासाभराचं काम.

फक्त एक पथ्य: मॅन्युअल समोर ठेवून लिहा, ती सी फाइल समोर ठेवून नको. काट्याची भाषा कोणाच्या मालकीची नाही, पण त्या माणसाने लिहिलेल्या ओळी त्याच्या आहेत.

---

कमांडलाइन

बंद हवंय म्हटल्यावर बाकीचं असं बदला.

पायक्यूटी५ च्या जागी पायसाइड६. दोन्ही क्यूटी या स्क्रीन बनवायच्या लायब्ररीवरच, कोड थोडाच बदलतो, आणि पायसाइड एलजीपीएल-३ (जीपीएलचा लायब्ररींसाठीचा सौम्य प्रकार) खाली मिळतं. तुमचा प्रोग्रॅम बंद ठेवता येतो, पण ग्राहकाला क्यूटीची लायब्ररी बदलून प्रोग्रॅम चालवता आला पाहिजे. म्हणून पायइन्स्टॉलरने (पायथनचा प्रोग्रॅम बांधून देणारं साधन) एकच एक्झी फाइल न करता फोल्डर पद्धतीने बांधा, लायब्ररीच्या फाइली उघड्या राहतात. (पायइन्स्टॉलर स्वतः जीपीएल असलं तरी त्यात अपवाद दिलाय, त्याने बांधलेला प्रोग्रॅम कोणत्याही लायसन्सखाली देता येतो.) आणि करारात 'रिव्हर्स इंजिनिअरिंगला सक्त मनाई' असं ठोकून देऊ नका. लायब्ररी बदलल्यावर डीबग करायला ते करू द्यावं लागतं, ही एलजीपीएलची अट आहे.

पायमूपीडीएफ काढून रिपोर्टलॅब, बीएसडी. लेबल आणि पॅकिंग लिस्टला पुरून उरेल.

योलो: एक तर अल्ट्रालिटिक्सचं व्यावसायिक लायसन्स विकत घ्या, ते विकतात. नाहीतर योलोएक्स घ्या, अपाची २.० आहे. तुमचे घडांचे फोटो तुमचेच आहेत, मॉडेल पुन्हा शिकवा. जुन्या मॉडेलची 'वजनं' (शिकून साठलेले आकडे) तशीच उचलून नवीन कोडमध्ये घालायच्या फंदात पडू नका. अल्ट्रालिटिक्सचं म्हणणं असं आहे की त्यांच्या कोडने शिकवलेलं मॉडेलही एजीपीएलमध्ये येतं. ते कितपत टिकेल यावर वाद आहे, पण तो वाद तुमच्या पैशाने का लढायचा?

आणि यादीत न दिसणारी गोष्ट: पिप (पायथनची पॅकेजं उतरवणारं साधन) वापरून ओपनसीव्ही घेतलंत तर त्यासोबत एलजीपीएल-२.१ चं एफएफएमपेग (व्हिडिओची लायब्ररी) येतं, आणि लिनक्सवर क्यूटी५ सुद्धा. ऑडिटरच्या यादीत तेही लिहावं लागेल. ओपनसीव्हीच्या खिडक्या वापरत नसाल तर 'हेडलेस' पॅकेज घ्या, निदान क्यूटी५ तरी टळेल.

---

सिन्नरी_मुक्काम_पुणे

वाचनखूण साठवली. एक शंका: एमआयटी आणि बीएसडीला तर काहीच अट नाही ना? नुसतं वापरा आणि विसरा?

---

कमांडलाइन

विसरा नाही. कॉपीराइटची ओळ आणि लायसन्सचा मजकूर सोबत द्यायचा, ही अट आहेच. सर्वांत जास्त मोडली जाणारी अट हीच असावी, कारण ती फार सोपी वाटते.

---

नाशिकरोड_वकील

एमआयटीबद्दल आपल्या कायद्यातला एक बारकावा सांगते. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हस्तांतरात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. कलम ३० अ मुळे हे योग्य त्या फेरफारांसह लायसन्सलाही लागू होतं. अपाचीत 'कायमस्वरूपी, जगभर' असे शब्द आहेत. जीपीएल-३ मध्ये 'कॉपीराइटच्या मुदतीपर्यंत' आहे. एमआयटीत मुदत नाही, प्रदेशही नाही. म्हणून कोणी एमआयटीचा कोड फेकून देऊ नका, तसं माझं म्हणणं नाही. पण तुम्ही स्वतः जे कागद करता त्यात हे दोन शब्द राहून जाता कामा नयेत. निर्यातदाराचा मालही बाहेर जातो आणि उद्या मशीनही जाईल.

वेलमांडव, पर्चेस ऑर्डरसाठी असं सुचवा: 'विक्रेत्याने या कामासाठी नव्याने लिहिलेल्या कोडचे हक्क, कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी आणि जगभरासाठी, ग्राहकाकडे हस्तांतरित होतील. परिशिष्टात नोंदलेले इतरांचे भाग त्यांच्या त्यांच्या लायसन्सखालीच राहतील.' आणि काट्याचं वाचन, लेबलचा साचा असे तुमचे नेहमीचे भाग दिंडोरीलाही विकायचे असतील तर तेही 'पूर्वीपासून विक्रेत्याचे' म्हणून परिशिष्टात टाका. त्यांच्यावर हस्तांतर नको, नुसतं लायसन्स द्या. सही करण्याआधी प्रत्यक्ष भेटून कोणा वकिलाला कागद दाखवा, धाग्यावर भागवू नका.

---

वेलमांडव

ताई, कमांडलाइन, डेबियनवाले, खूप आभार. स्थिती सांगतो. काट्याचं वाचन पायसिरियलवर चालू झालं. पायसाइड६ वर स्क्रीन आल्या, एक-दोन ठिकाणी सिग्नलची नावं बदलावी लागली. योलोएक्स शिकवणं चालू आहे. तडकलेले मणी तो पकडतोय, सुकलेल्या देठावर अजून अडखळतो, फोटो वाढवतोय. पर्चेस ऑर्डरचं नवं वाक्य ग्राहकाने घेतलं, 'पूर्वीपासून विक्रेत्याचे' यावर मात्र घासाघीस चालू आहे.

ऑडिटरचं वाक्य बदलून घेतलं: 'परिशिष्टातील भाग, या इन्स्टॉलरमध्ये ज्या प्रकारे जोडले आहेत त्या प्रकारे, त्यांच्या लायसन्सच्या अटी पाळून दिले आहेत.' याखाली सही करायला मला अडचण नाही.

शेवटचं: मुक्ता फॉन्ट इन्स्टॉलरमध्ये घातला तर चालेल ना? आणि ही सगळी लायसन्सं दाखवायची कुठे? पॅकहाऊसमधल्या स्क्रीनवर जागा नाही.

---

जुना_डेबियनवाला

मुक्ता ओएफएल या फॉन्टसाठीच्या ओपन लायसन्सखाली आहे, सॉफ्टवेअरसोबत बिनधास्त द्या, बंद प्रोग्रॅममध्येही चालतो. नुसता फॉन्ट सुटा विकायचा नाही आणि लायसन्सची फाइल सोबत ठेवायची. अक्षरं स्वतः बदललीत तर तेव्हा नावाचा राखीव हक्क बघा, म्हणजे बदललेल्या फॉन्टला मूळ नाव वापरता येतं का ते.

स्क्रीनवर काही नको. इन्स्टॉलरच्या फोल्डरमध्ये 'लायसन्सेस' नावाचं फोल्डर करा, प्रत्येक भागाची मूळ फाइल जशीच्या तशी आत टाका. ज्या अपाची भागांसोबत 'नोटिस' फाइल असेल तीही ठेवा, ती गाळून चालत नाही. 'मदत' मेनूत एक ओळ द्या, फोल्डर कुठे आहे ते सांगणारी. एलजीपीएलच्या भागांचा, म्हणजे पायसाइड, क्यूटी आणि एफएफएमपेगचा, तुम्ही वापरलेल्या नेमक्या आवृत्तीचा सोर्स उतरवून पेनड्राइव्हवर ग्राहकाला देऊन टाका आणि डिलिव्हरी चलनावर तशी नोंद करा. नंतर मागायला आले तर शोधत बसायला नको.